पुण्यातून ट्रॅकेबल रवाना करताना: सामान, डबी आणि नोंदी

जिओकॅशिंग हा जीपीएसच्या निर्देशांकांवरून लपवलेली डबी, म्हणजे कॅश, शोधायचा खेळ. त्यात कॅश सापडली, आतल्या वहीत नाव लिहिलं, डबी होती तशी ठेवली की तुमचं काम संपतं. ट्रॅकेबलचं, म्हणजे क्रमांकाचा बिल्ला लावलेल्या फिरत्या वस्तूचं, तसं नाही. तो एका डबीतून दुसऱ्या डबीत, एका खेळाडूच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात फिरत राहतो आणि त्याचा प्रत्येक टप्पा खेळाच्या साइटवरच्या त्याच्या पानावर नोंदला जातो. त्यासाठी मधल्या प्रत्येक माणसानं नोंद नीट करायला हवी आणि प्रत्येक डबी कोरडी राहायला हवी. पुण्याभोवती कॅशेस युरोपाइतक्या दाट नाहीत, दोन खेळाडूंच्या भेटींत महिनोन्‌महिने जाऊ शकतात आणि मध्ये चार महिन्यांचा पावसाळा असतो. म्हणून इथून ट्रॅकेबल सोडायचा तर तयारी जरा जास्तच काटेकोर लागते.

सॅकमध्ये काय हवं

टेकड्यांवर आणि शहराच्या आसपास फोन पुरतो. अँड्रॉइडवर सी:जिओ हे मोफत अ‍ॅप आहे. त्यात कॅशची माहिती, आधीच्या खेळाडूंच्या नोंदी आणि ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा घरीच उतरवून ठेवा. सिंहगडाच्या मागच्या बाजूला किंवा मुळशीच्या आतल्या गावांत नेटवर्क गेलं की कॅशचा इशारा, म्हणजे ती कुठे लपवली आहे याची सूचना, उघडत नाही आणि फेरी वाया जाते. राजगड-तोरण्यासारखी दिवसभराची वाट असेल तर गार्मिन ईट्रेक्ससारखं हातातलं यंत्र उपयोगी पडतं. ते एए सेलवर चालतं आणि पावसात ओल्या बोटांनीही बटणं दाबता येतात. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी यंत्रं मात्र भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. ती परदेशातून मागवू नका आणि परदेशी पाहुण्यालाही आधीच सांगून ठेवा. नुसतं जीपीएस यंत्र आणि हे संदेशयंत्र दिसायला सारखीच असतात, त्यामुळे खरेदी करताना मॉडेल नीट वाचा.

हाताच्या सामानात सर्वांत जास्त कामाला येतो तो टोकदार चिमटा. इलेक्ट्रॉनिक्सवाले सुटे भाग उचलायला वापरतात तसला, तपकीर गल्लीत सहज मिळतो. छोट्या नळीच्या कॅशमधली वहीची गुंडाळी बोटांनी ओढली की फाटते, चिमट्यानं पिळत काढली की अख्खी निघते. लिहायला दोन पेन्सिली ठेवा. जेल पेन दमट कागदावर पसरतं आणि बॉलपेन त्यावर उठतच नाही. डोक्याला लावायचा टॉर्च भरदिवसाही हवा, कारण उन्हातून खडकाच्या फटीत पाहिलं की काळोखच दिसतो. बागकामाचे जाड हातमोजे आणि एक काठी घ्या. फटीत आधी टॉर्च, मग काठी आणि शेवटी हात, हा क्रम मोडू नका. वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीजवळचे दगड असोत की पाषाणकडची झुडपं, दगडाखाली विंचू आणि गवतात घोणस असू शकते. खडकाच्या कपारीवर आग्या मोहोळ असेल तर ती कॅश त्या दिवशी सोडून द्यावी.

पावसाळ्यानंतर गवत वाळलं की कुसळं लागतात. लोकरीचे किंवा विणलेले मोजे घातले तर संध्याकाळ कुसळं काढण्यातच जाते. गुळगुळीत कापडाची फुल पँट बरी.

याशिवाय एक दुरुस्तीची पुडी बाळगा: दोन-तीन झिपच्या पिशव्या, वहीची कोरी पट्टी, सुती कापडाचा तुकडा आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या. दुसऱ्याची डबी ओली सापडली तर ती पुसून, कोरी पट्टी घालून ठेवता येते. जुनी वही फेकू नका, झिपच्या पिशवीत घालून आतच ठेवा. ती मालकाची आहे.

फोन काय सांगतो, किती खरं सांगतो

२ मे २००० रोजी अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात पहिली कॅश ठेवली गेली. तेव्हापासून निर्देशांक अंश आणि दशांश मिनिटांत लिहायची पद्धत आहे. मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर आणि पुण्याच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम सुमारे १.७६ मीटर भरतो. म्हणजे शेवटच्या आकड्यात एक-दोनचा फरक असला तरी तुम्ही डबीपासून दोन-चार मीटरच लांब असता. खरी चूक आकाश किती मोकळं आहे त्यावर ठरते. मोकळ्या माळावर फोन तीन ते पाच मीटरांत राहतो. कड्याच्या पायथ्याशी सिग्नल खडकावर आपटून येतो आणि बाण वीस मीटर इकडेतिकडे भरकटतो. अशा वेळी बाणामागे फिरत बसू नका. दहा मीटर उरले की फोन खिशात घाला आणि डबी कोण, कुठे लपवेल याचा विचार करत डोळ्यांनी शोधा. चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर काढून ठेवा, त्यानं होकायंत्र बिघडतं.

ट्रॅकेबल तयार करणं

दोन वाटा आहेत. पहिली, जिओकॅशिंग डॉट कॉमचा ट्रॅव्हल बग (क्रमांकाचा धातूचा बिल्ला) किंवा जिओकॉइन (क्रमांक कोरलेलं नाणं) विकत घेणं. दुसरी, जिओक्रेटी या मोफत सेवेवर नोंदणी करून स्वतःच लेबल छापणं. दोन्ही व्यवस्था वेगळ्या आहेत. एकीचा क्रमांक दुसरीच्या साइटवर चालत नाही आणि ट्रॅकेबल उचलणारे बहुतेक लोक पहिली साइटच पाहतात. लांबचा प्रवास हवा असेल तर ट्रॅव्हल बग घ्यावा. घरच्या मुलांबरोबर चार टेकड्यांत फिरवायचा असेल तर जिओक्रेटी छान.

ट्रॅव्हल बगच्या पाकिटात एकाच क्रमांकाचे दोन बिल्ले असतात. एक वस्तूला लावायचा, दुसरा घरी ठेवायचा. हा दुसरा बिल्ला हरवू नका, त्याचं काम पुढे येतं. बिल्ल्यावरचा क्रमांक गुप्त असतो, कारण ज्याच्याकडे तो आहे त्यानं वस्तू हातात घेतली असं साइट मानते. साइटवर दिसणारा, टीबी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक वेगळा. तो कुणालाही सांगायला हरकत नाही. फोटो टाकताना बिल्ल्यावर अंगठा ठेवा. एकदा गुप्त क्रमांक इंटरनेटवर गेला की जगभरातून घरबसल्या ‘पाहिला’ अशा खोट्या नोंदी येत राहतात आणि पान वाचण्यासारखं राहत नाही.

सोबतची वस्तू निवडताना आधी आकार पाहा. मायक्रो कॅश १०० मिलिलिटरपेक्षा लहान, स्मॉल १०० मिलिलिटर ते १ लिटर आणि रेग्युलर १ ते २० लिटर. ट्रॅकेबल स्मॉलमध्ये बसला पाहिजे, म्हणून वस्तू पाच-सहा सेंटिमीटरच्या आत ठेवा. पितळी घुंगरू उत्तम: छोटं, पाण्यानं न बिघडणारं आणि ओळखीचं. सावंतवाडीची लाकडी खेळणी, कोल्हापुरी चपलेची कीचेन, रुद्राक्ष किंवा गुंजांची माळ टाळा. लाकूड आणि कातडं ओलीत बुरशी धरतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत लाकूड, बिया, कातडं विमानतळावर जाहीर करावं लागतं आणि ते जप्तही होऊ शकतं. गुंज विषारी आहे, मुलं उघडतात त्या डबीत ती नकोच.

बिल्ल्याबरोबर येणारी मण्यांची साखळी ओढली की सुटते. तिच्याऐवजी स्क्रूचं टोक असलेली स्टीलच्या तारेची की-रिंग घ्या आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब लावा म्हणजे तो आपोआप फिरत नाही.

आता उद्दिष्टाचं कार्ड, म्हणजे ट्रॅकेबलला कुठे जायचंय ते सांगणारी चिठ्ठी. लॅमिनेशन इथे बहुधा चुकतं, म्हणून सविस्तर सांगतो. दुकानात कार्ड लॅमिनेट करून काठाला लागून कापतात आणि वरच पंच मारतात. कापलेल्या काठातून आणि भोकातून कागद पाणी शोषतो. एका पावसाळ्यात शाई पसरते, थर सुटतात. बरोबर पद्धत अशी: कागद आधी ५ बाय ७ सेंटिमीटर कापा. १२५ मायक्रॉनच्या पाउचमध्ये तो अशा रीतीनं ठेवा की तिन्ही बाजूंना किमान ५ मिलिमीटर आणि चौथ्या बाजूला दीड सेंटिमीटर नुसतं प्लास्टिक उरेल. भोक त्या दीड सेंटिमीटरच्या कोऱ्या पट्टीत मारा. कागदाला भोक पडता कामा नये. कोपरे गोल कापा, नाहीतर झिपची पिशवी फाडतात.

मजकूर चार ओळींपेक्षा जास्त नको, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. उदाहरणार्थ: ‘मी प्रवासी आहे, भेटवस्तू नाही. मला पुढच्या कॅशमध्ये ठेवा. माझा क्रमांक जिओकॅशिंगच्या साइटवर नोंदवा. मला समुद्र पाहून पुण्याला परत यायचं आहे.’ उद्दिष्ट साधं असलं की लोक मदत करतात. ‘सातही खंड फिरून या’ असं लिहिलेल्या ट्रॅकेबलला कुणीच पुढे नेण्याची घाई करत नाही. समुद्रापर्यंत न्यायला एखादा कोकणात निघालेला भेटतोच.

यानंतर साइटवर ट्रॅकेबल सक्रिय करा. बिल्ल्यावरचा क्रमांक आणि त्याचा अ‍ॅक्टिव्हेशन कोड असे दोन आकडे लागतात. हे घरीच उरकावं. सक्रिय न केलेला ट्रॅकेबल डबीत गेला तर पुढच्या माणसाला नोंदच करता येत नाही. पानावर उद्दिष्ट आणि पूर्ण वस्तूचा फोटो टाका, म्हणजे घुंगरू गळून नुसता बिल्ला उरला तरी काय हरवलं ते कळतं.

कुठल्या कॅशमध्ये सोडायचा

कॅशच्या पानावर शेवटच्या पाच नोंदी वाचा. गेल्या काही महिन्यांत कुणाला सापडली आहे का? ‘वही ओली’ असं कुणी लिहिलंय का? सलग दोघांना सापडली नसेल तर तिथे ठेवू नका. मालकाचं लक्ष हवं अशी खूण असेल तर मुळीच नाही. डबी निदान स्मॉल हवी.

वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर ते जानेवारी. पावसाळ्यात डबी ओली होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण फेब्रुवारीपासून टेकड्यांवरचं वाळलं गवत पेटतं हे विसरलं जातं. वणवा गवतावरून झपाट्यानं जातो, तरी तेवढ्यात प्लास्टिकची डबी वितळून आतल्या वस्तूंसकट गोळा होते. गवतातल्या, झुडपाच्या बुंध्याशी असलेल्या डबीपेक्षा उघड्या खडकातली डबी या दिवसांत सुरक्षित.

नोंदी: बहुतेक गडबड इथेच

ठेवताना आधी कॅशची ‘सापडली’ ही नोंद लिहा. त्याच पानावर तुमच्याकडचे ट्रॅकेबल दिसतात, त्यातल्या योग्य नावापुढे ‘ड्रॉप्ड ऑफ’ निवडा. ती कॅश तुम्हाला पूर्वीच सापडली असेल तर पुन्हा ‘सापडली’ लिहू नका, ‘नोट’ लिहून तिच्यासोबत ड्रॉप करा. रविवारी ठेवला आणि बुधवारी नोंद करताय तर तारीख रविवारची घाला. पण बुधवारपर्यंत थांबू नये, त्याच संध्याकाळी उरका.

उचलताना क्रमांकाचा फोटो जागेवरच काढा. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांत घरी गेल्यावर घोटाळा होतो. मग साइटवर क्रमांक टाकून ‘रिट्रीव्ह’ करा. नुसता पाहिला आणि तिथेच ठेवला तर ‘डिस्कव्हर’. स्वतःजवळच ठेवून कॅशपर्यंत नेला आणि परत आणला तर ‘व्हिजिट’, यानं अंतर मोजलं जातं पण ताबा तुमच्याकडेच राहतो.

नेहमीची अडचण अशी: ट्रॅकेबल डबीत आहे, पण साइटवर तो अजून आधीच्या माणसाच्या नावावर आहे. त्यानं ठेवला, नोंद मात्र केली नाही. अशा वेळी दोन-तीन दिवस थांबा आणि त्याला निरोप पाठवा. उत्तर आलं नाही तर ‘ग्रॅब’ करा, म्हणजे तो त्याच्या नावावरून तुमच्या नावावर घ्या. पण एवढ्यावर सोडलं तर ज्या कॅशमध्ये तो मिळाला ती त्याच्या प्रवासातून गळते आणि नकाशावरची रेघ चुकते. म्हणून ग्रॅब केल्यावर त्या कॅशवर नोट लिहून, मिळाला त्या तारखेला ड्रॉप करा आणि लगेच रिट्रीव्ह करा. दोन मिनिटांचं काम आहे, मालकाला मात्र त्याचं फार अप्रूप असतं.

ट्रॅकेबल उचलण्याच्या बदल्यात दुसरा ठेवावा लागत नाही. ट्रॅव्हल बग हॉटेल म्हणवणाऱ्या काही कॅशेसवर ‘एक ठेवा, एक न्या’ असं लिहिलेलं असतं. त्यानं ट्रॅकेबल तिथेच अडकतात, ते मनावर घेऊ नका. दोन आठवड्यांच्या आत पुढे ठेवता येणार असेल तरच उचला. जास्त वेळ लागणार असेल तर मालकाला दोन ओळी लिहा.

स्वतःची डबी ठेवायची तर

ट्रॅकेबल टिकेल अशी डबी पुण्यात हवी असेल तर तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत मिळणारी, चारही बाजूंनी कडी लागणारी आणि झाकणात सिलिकॉनची रबरी कड असलेली घ्या. पाऊण ते एक लिटरची पुरते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा गंजतो, लोणच्याची पातळ बरणी उन्हानं ठिसूळ होते. मायक्रोसाठी कोल्ड्रिंकच्या बाटलीचा प्रिफॉर्म, म्हणजे फुगवण्याआधीची जाड नळी, फार टिकाऊ. मात्र त्यात ट्रॅकेबल मावत नाही.

डबीत पाणी शिरतं ते केवळ पावसाच्या माऱ्यानं नव्हे. उन्हात आतली हवा ४५ अंशांवर जाते, मग वळीव कोसळतो आणि डबी २५ अंशांवर येते. झाकण घट्ट असेल तर आतला दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. हे सुमारे ६० सेंटिमीटर खोल पाण्याच्या दाबाइतकं ओढणं आहे. झाकणावर साचलेलं पाणी कडेच्या बारीकशा फटीतून आत खेचलं जातं. त्यामुळे डबी नुसती नळाखाली धरून तपासू नका. आत कोरडा टिश्यू ठेवा, डबी तासभर कडक उन्हात ठेवा आणि तशीच गरम असताना बादलीतल्या गार पाण्यात दगडाखाली बुडवा. रात्रभर ठेवा. सकाळी टिश्यूचा एक कोपराही ओला असेल तर ती डबी स्वयंपाकघरात वापरा.

रबरी कडेवर वाळूचा कण, केस किंवा पिशवीची दुमड अडकली की सगळी मेहनत फुकट. आतल्या पिशव्या झाकणापर्यंत येणार नाहीत एवढ्याच भरा. डबी शक्यतो आडवी, झाकण वर येणार नाही अशी ठेवा, म्हणजे झाकणावर पाणी साचत नाही.

वहीसाठी साधा कागद पावसाळा काढत नाही. छपाईवाल्यांकडे न फाटणारा सिंथेटिक कागद मिळतो. तो लेसर प्रिंटरमध्ये घालण्याआधी चालतो का ते विचारा, काही प्रकार उष्णतेनं वितळतात. सिलिका जेलची ५ ग्रॅमची पुडी कोरड्या दिवसांत उपयोगी. पावसात डबी एकदा उघडली की ती पुडी दमट हवेनं लगेच भरते, त्यामुळे पुडीच्या भरवशावर गळकी डबी चालवू नका. निळ्या दाण्यांपेक्षा नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं.

जागा

दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं. डबी पुरायची नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, जागेच्या मालकाची परवानगी हवी. हे नियम जगभर सारखे आहेत. पुण्यात त्यापलीकडेही पाहावं लागतं. फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले. बेवारस डबी दिसली की लोक घाबरतात, पोलिसांना बोलावतात आणि ते योग्यच करतात. म्हणून बसस्टॉप, स्टेशन, मंडई, मंदिर, मॉल, शाळा यांच्या आसपास डबी नको. लष्करी हद्दीजवळ तर नकोच: कॅम्प, खडकी, दिघी, लोहगाव, खडकवासल्याची एनडीए. डबी पारदर्शक घ्या, काळ्या टेपनं गुंडाळू नका, आत वायर किंवा बॅटरी ठेवू नका आणि बाहेरून मराठीत ठळक लिहा: ‘खेळाची डबी. आत वही आणि खेळणी आहेत. उघडून पाहा, परत ठेवा.’

किल्ल्यांच्या तटात, बुरुजात, टाक्यात डबी ठेवू नये. त्यासाठी दगड हलवणं हे बांधकामाचं नुकसान आहे. शिवनेरी, लोहगड आणि राजगड २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, पण यादीत नसलेल्या गडालाही हाच नियम लावावा. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे, तिथेही आधी विचारा.

परदेशी पाठवताना

जर्मनी, झेकिया, अमेरिका इथे कॅशेस दाट आहेत. ऑनसाइटला जाणारा सहकारी किंवा शिकायला निघालेली भाची हा ट्रॅकेबलचा सर्वांत भरवशाचा मार्ग. ते स्वतः खेळत नसतील तर तीन गोष्टी लिहून द्या: कुठल्या कॅशमध्ये ठेवायचा, तिचे निर्देशांक आणि इशारा, आणि ठेवल्यावर डबीचा फोटो पाठवायचा. कॅश त्यांच्या घरापासून चालत जाण्याजोगी आणि सोपी, म्हणजे कठीणपणा आणि वाट दोन्हीला पाचपैकी दीडपर्यंतची निवडा. ड्रॉपची नोंद तुम्ही त्यांच्या नावानं करू नका. खेळायचं असेल तर त्यांना मोफत खातं काढून द्या, नाहीतर तुमच्या खात्यातून नोट लिहून कुणी ठेवला ते स्पष्ट करा. धातूची वस्तू चेक-इन सामानात द्या म्हणजे तपासणीत प्रश्न येत नाहीत.

बेपत्ता झाला तर

साइटवर ट्रॅकेबल एखाद्या कॅशमध्ये दिसतो आणि तिथे गेलेल्या दोन-तीन जणांनी ‘ट्रॅकेबल नाही’ असं लिहिलं, तर आधी कॅशच्या मालकाला विचारा. मग शेवटच्या काही महिन्यांत तिथे गेलेल्यांना एकेक निरोप पाठवा. बऱ्याचदा तो कुणाच्या तरी सॅकच्या कप्प्यात राहिलेला असतो, म्हणून भाषा तक्रारीची नको. वर्षभर काही कळलं नाही तर ‘मिसिंग’ अशी खूण करा. ती ट्रॅकेबलचा किंवा कॅशचा मालक करू शकतो. यानंतर घरचा दुसरा बिल्ला बाहेर काढा, नवं कार्ड लॅमिनेट करा, त्यावर ‘मूळ वस्तू हरवली, ही तिची जागा घेते आहे’ असं लिहा. त्या बिल्ल्यावरच्या क्रमांकानं ग्रॅब करून नव्या कॅशमध्ये ड्रॉप करा. जुना प्रवास, जुने फोटो तसेच राहतात. पुढे मूळ ट्रॅकेबल कुठे सापडलाच तर एकाच क्रमांकाच्या दोन वस्तू फिरू लागतात आणि नकाशावर रेघा उलटसुलट उड्या मारतात. तेव्हा सापडलेल्या खेळाडूला लिहून मूळ वस्तू परत मागवा किंवा तिचा बिल्ला काढून नुसती वस्तू डबीत भेट म्हणून ठेवायला सांगा.